हॉल मोजायला आला तो कमिटीत बसला

तो माणूस हॉल मोजायला आला होता हो, भावजी! हातात टेप घेऊन. मुलीच्या वाढदिवसाला तो हवा भरलेला किल्ला आणतात ना, पोरं आत उड्या मारतात तो, तो हॉलमध्ये मावतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याला धरून त्यांनी गावच्या प्लॅनिंग कमिटीवर बसवला. आता गावात कोणी कुठे काय बांधायचं त्यावर तो मत देणार, आणि आपल्या आईंनी आंघोळ कुठे करायची त्यावरसुद्धा. मी तिथे नेसून-सवरून पहिल्या रांगेत बसले होते. मला सोडून त्याला घेतला! अजून भाजी चिरताना माझी सुरी मधेच थांबते आणि मी एकटीच मोठ्याने म्हणते, टेप घेऊन आलेला माणूस!

तर नमस्कार राहिला. तो आता घ्या. तुम्ही दीर असलात तरी वयाने लहान, म्हणून वर आशीर्वादही घ्या आणि त्यातला अर्धा नीनाला द्या. तुमची पाठ कशी आहे? नीनाला म्हणावं, हळद साध्या दुधात घालून द्यायची असते, ओट मिल्कमध्ये घातली तर पाठीला कळत नाही. इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधू रिटायर झाल्यापासून दिवसभर घरात असतात (जन्मभर विमानाचे सुटे भाग केले त्या माणसाने, पण पडद्याचा रॉड लावायला सांगितला की म्हणतात, बघू). आमची तनया ऑफिसचं काम घरूनच करते, म्हणजे काय करते ते मला विचारू नका. आईंचं पुढे येतंच आहे, पत्र त्यांच्याचसाठी आहे. फोन का नाही केला म्हणाल, तर तुम्ही सदा मीटिंगमध्ये. आणि व्हॉइस नोट पाठवली की तुम्ही ती दुप्पट वेगाने ऐकता, हे नीनानेच मला हसत हसत सांगितलं. म्हणजे मी रडत असले तरी तुम्हाला चिमणीसारखी ऐकू येणार. म्हणून कागद. माझं शिक्षण सहावीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नका, मजकूर बघा.

आईंचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या क्रॉयडनहून जेवढं दिसतं तेवढंच माहीत आहे, म्हणून लिहिते. मागच्या उन्हाळ्यात त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि जिना त्यांना कायमचा बंद झाला. आमचं बाथरूम वर. आई खाली. लाउंजमधला सोफा काढून तिथे त्यांचा पलंग टाकला, एका कोपऱ्यात चादरीचा पडदा लावला आणि त्याच्यामागे ती हॉस्पिटलने दिलेली भोकाची खुर्ची. आंघोळ स्वयंपाकघरात. मधोमध स्टूल, खाली प्लॅस्टिकचा टब, मी तांब्या घेऊन उभी, आणि तनया मागच्या दाराला पाठ लावून राखण करणार. एक दिवस तनया फोनवर होती, आणि पार्सलवाला पठ्ठ्या दार ढकलून आत! त्याने सॉरी सॉरी म्हणत पार्सल ओट्यावर ठेवलं आणि फोटोसुद्धा काढला (पार्सलचा हो, पण आईंना कोण समजावणार). भावजी, ऐंशी ओलांडलेली बाई. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांचे केस मोकळे बघितले नव्हते. त्या दिवसापासून रोज सकाळी म्हणतात, आज नको गं, सर्दी झालीय. त्यांना सर्दी झालेली नाही. सर्दीचं औषध मी बेसिनमध्ये ओतते आणि त्या ते बघतात.

म्हणून मागच्या बाजूला खाली एक खोली आणि तिला लागून शॉवर बांधायचं ठरवलं. ह्यांनी स्वतः पेन्सिलने नकाशा काढला, इतका सुंदर की मला वाटलं खोली उडणार आहे. मग आर्किटेक्टने तो परत काढला आणि अर्ज गेला बड्या कौन्सिलला. बडी कौन्सिल काय करते, तर गावच्या छोट्या कौन्सिलला विचारते की तुमचं काय म्हणणं. छोट्या कौन्सिलची एक प्लॅनिंग कमिटी आहे, ती बसली, आणि तिने सांगितलं की ही खोली सपाट छपराची असल्याने गावाच्या रूपाशी मेळ खात नाही. बड्या कौन्सिलनेही मान डोलावली आणि नकार पाठवला. गावाचं रूप! आमच्या घरामागे रेल्वेचा बांध आहे. तिथून गावाचं रूप बघायला दोन कोल्हे येतात, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

तनया म्हणाली, आई, वर अपील करता येतं, सरकारचा इन्स्पेक्टर येऊन बघतो, पण त्यात महिने जातात. नाहीतर छप्पर उतरतं करून नवा अर्ज घालायचा, मग तो पुन्हा त्याच कमिटीकडे मत द्यायला जाणार. तेव्हा मी विचारलं, ही कमिटी म्हणजे आहे तरी कोण? ह्यांना बसवलं कोणी? मला वाटलं, मोठी शिकलेली माणसं असतील, घरं बांधलेली, परीक्षा दिलेली. तनयाने टोस्ट खाता खाता जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसले. (खुर्चीवरच बसले, पण धप्पकन.)

भावजी, माझं माहेर वाईजवळ, तुम्हाला माहीत आहे. तिथे ग्रामपंचायतीत मेंबर व्हायचं म्हणजे काय असतं हेही तुम्हाला माहीत आहे. माझा धाकटा काका सरपंचपदाला उभा होता तेव्हा आपल्या बाजूच्या मेंबरांना बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेऊन ठेवलं होतं. स्ट्रॉबेऱ्या खाऊन त्यांची पोटं बिघडली तरी मतदानापर्यंत कोणाला घरी सोडलं नाही. दोन सख्खे भाऊ अजून एका पंगतीला बसत नाहीत. याला म्हणतात मेंबर होणं! इथे काय, तर खुर्ची रिकामी झाली की एक कागद गावच्या बोर्डावर लावतात, हरवलेल्या मांजरीच्या शेजारी. गावातल्या दहा जणांनी लिहून मागितलं तरच मतदान घ्यायचं. दहा जण कधी मागत नाहीत. (त्या मांजरीसाठी त्याहून जास्त फोन आले.) मग कौन्सिलमधले आहेत तेच लोक आपल्यात कोणालातरी ओढून घेतात. लढाई नाही, पोस्टर नाही, एक चहासुद्धा कोणी कोणाला पाजत नाही. खुर्च्या रिकाम्या पडून आहेत आणि लोक त्यांच्याकडे बघून रस्ता बदलतात!

हे झालं कौन्सिलचं. कमिटीचं तर त्याहून भयंकर. मला हे पॉलीनने सांगितलं. पॉलीन म्हणजे तिथली क्लार्क, सगळ्यांत पगार घेणारी ती एकटी आणि काम करणारीही तीच. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष विचारतात, प्लॅनिंगला कोण? की लगेच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात, गुरुजींनी एकोणतीसचा पाढा विचारल्यासारखे. ज्याची मान शेवटी वर राहते तो प्लॅनिंगवर. डेरेक नावाचा अध्यक्ष आहे. तो मुळात कचऱ्याच्या गाडीने त्याची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, मोडलं म्हणून तक्रार करायला आला होता. त्याला म्हणाले, आलाच आहात तर बसा. तो बसला तो अजून बसलेला आहे. आधीचा अध्यक्ष स्पेनला राहायला गेला आणि जाताना कपाटाची किल्ली डेरेकच्या हातात देऊन गेला, म्हणून डेरेक अध्यक्ष. एक बाई आहे तिला घेतली कारण ती हॉलच्या समोर राहते आणि कुलूप उघडायला कोणीतरी लागतं. एक दाताचा डॉक्टर आहे रिटायर झालेला, तो झोपतो. मी पॉलीनला विचारलं, ह्यांच्यातल्या कोणी एक भिंत तरी बांधली आहे का? ती बराच विचार करून म्हणाली, डेरेकने एकदा बागेत शेड उभी केली होती, पण ती वाऱ्याने गेली.

अशा माणसांनी आपल्या आईंची मोरी अडवली, भावजी! मला रात्रभर झोप नाही, आणि सकाळी चहा टाकता टाकता ठरवलं की मी स्वतः मेंबर होणार. एक खुर्ची रिकामी होतीच (तिथे आधी बसणाऱ्या बाईला दाराची गार हवा लागायची म्हणून तिने राजीनामा दिला. खुर्ची हलवली असती तर चाललं असतं, पण कोणाला सुचलं नाही). ह्यांना सांगितलं तर ह्यांचा घास हातातच.

"अगं, तिथे इंग्लिशमध्ये बोलावं लागतं."

"बोलायचं कशाला? हात वर करायचा असतो. तेवढा येतो मला."

"आणि लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक? तिथे कोणी येतच नाही!"

आई पलंगावरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "जाऊ दे रे तिला. पण सुलक्षणा, नेसून जा हो. नेसलेल्या बाईला कोणी उठ म्हणत नाही." म्हणून मी ती नारायणपेठी काढली, तनयाच्या ग्रॅज्युएशनला नेसलेली, आणि वर थंडी म्हणून ह्यांचा कोट. रिकाम्या हाताने कोणाच्या दारात जायचं नाही हे आपल्या घरचं वळण, म्हणून ओल्या नारळाच्या वड्यांचा डबा घेतला, आणि गाडी चालवायला ह्यांना.

त्या वड्यांनी काय केलं ऐका. डबा उघडून टेबलावर ठेवला. डेरेकने एक उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि मग एकदम त्याचे डोळे उघडले. पॉलीनकडे बघून विचारतो, ह्या बाईंचा अर्ज आपल्याकडे येणार आहे का? पॉलीन म्हणाली, पुढच्या महिन्यात. झालं! तो माणूस उभा राहिला आणि भर सभेत त्याने जाहीर केलं की मी मिसेस थोरवे यांच्याकडची एक मिठाई खाल्ली आहे, नियमाने ती सांगण्याएवढी मोठी नाही, तरी नोंद व्हावी. मग कुलूपवाली बाई उठली, तिने दोन खाल्ल्या होत्या. दाताच्या डॉक्टरने झोपेतच एक खाल्ली होती, त्याला उठवून कबूल करायला लावलं. पॉलीनने सगळं लिहून घेतलं आणि डब्याचं झाकण लावून डबा खिडकीत नेऊन ठेवला, माझ्यापासूनही लांब. माझा जीव शरमेने अर्धा झाला. जन्मात कोणी माझ्या वड्या अशा कबूल केल्या नव्हत्या. आणि मी म्हणते, एका वडीला एवढे जपता, मग माणूस घेताना का नाही जपत? वडीची चौकशी होते आणि मेंबराची होत नाही, हा कुठला न्याय?

आता मुख्य गोष्ट. रिकाम्या खुर्चीचा विषय निघाला. पॉलीनने डेरेकच्या कानात सांगितलं की ह्या त्यासाठीच आल्यात. डेरेक हसून माझ्याकडे बघतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, मिसेस थोरवे, तुम्हाला कौन्सिलवर यायला आवडेल का? बरोब्बर विचारलं, आदराने विचारलं, तक्रार नाही. मी काय म्हणणार? कुठलीही घरंदाज बाई म्हणेल तेच म्हटलं. पदर सारखा केला आणि म्हटलं, नो नो, मी कशाला, माझं शिक्षण नाही, कोणीतरी चांगलं बघा.

आणि थांबले.

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मागच्या पिढीपासून पुढच्या पिढीपर्यंत आपल्यात सगळं असंच चालतं. पंगतीत जिलबी आली की हात आडवा करायचा, वाढणारा म्हणणार, अहो घ्या हो एक, आपण परत नको म्हणायचं, मग तो वाढणार. माझ्या लग्नात आईंनी मानाची साडी दोनदा परत केली होती आणि तिसऱ्यांदा मांडीवर घेतली. पहिल्या नको नंतर पुढचा माणूस आग्रह करतो, आणि तेव्हा कुठे खरी बोलणी सुरू होतात. पहिला नको म्हणजे नुसता दरवाजा किलकिला करणं! मी वाट बघत होते की डेरेक म्हणेल, छे छे, तुमच्याशिवाय कोण आहे गावात. मी दुसऱ्यांदा काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला, काही हरकत नाही, आलात त्याबद्दल आभार. आणि पुढच्या पानावर गेला! सगळ्यांचे चेहरे असे खुलले जसं काही मला कसल्यातरी संकटातून सोडवलंय. कुलूपवाल्या बाईने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि म्हणे, शहाण्या आहात.

मी हात वर केला. डेरेक म्हणाला, गावकऱ्यांची बोलायची वेळ संपली. मी ह्यांच्याकडे बघितलं. अशा वेळी नवऱ्याने बोलायचं असतं, अहो तिची इच्छा आहे पण ती संकोचाने, वगैरे. हे छताकडे बघत होते. नंतर म्हणतात, तिथला तुळईचा जोड फार सुबक आहे.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि केविन आत आला. तोच तो टेपवाला. सभा चालू आहे हे बघून तो बिचारा पाय वाजू न देता एका कडेने भिंत मोजायला लागला. डेरेकने त्याला विचारलं, तू इथलाच ना? तो म्हणाला, हो. आमच्याकडे एक खुर्ची रिकामी आहे, येतोस का? आणि भावजी, तो माणूस म्हणाला, बरं, येतो की! पहिल्याच हाकेला! नको नाही, पाहू नाही, बायकोला विचारतो नाही. असा जावई आपल्याकडे आला असता तर पंगतीतून उठल्यावर लोकांनी नावं ठेवली असती. सगळ्यांनी हात वर केले, दाताच्या डॉक्टरचा तर झोपेतच गेला, पॉलीनने सही घेतली, झाला केविन मेंबर. वर प्लॅनिंगला एक जागा कमी आहे म्हणून तिथेही टाकला. त्याने विचारलं, प्लॅनिंग म्हणजे काय करायचं असतं? कोणालाच पटकन सांगता येईना.

घरी येताना गाडीत मी आणि हे.

"तूच नको म्हणालीस."

"नको म्हणजे नको असतं का?"

"इथे असतं."

"मग तीस वर्षांत तुम्ही मला सांगितलं का नाही?"

यावर ह्यांनी वायपर चालू केला. पाऊस नव्हता. आईंना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "परत एकदा तरी विचारायचं होतं मेल्यांनी!" बघा, त्यांना लगेच कळलं. तनयाला मात्र अजून कळलेलं नाही. ती म्हणते, आई, तुला हवं होतं तर तू यस म्हणायचं होतंस. इथे जन्मलेली पोर, तिला मी दोष देत नाही, पण मुलगी बघायला आले तर ही पहिल्याच झटक्याला यस म्हणेल याची मला आतापासून धास्ती आहे.

आणि अजून एक ऐकून ठेवा. दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेले (रिकामा होता, म्हणजे मागाहून खाल्ल्याच) तेव्हा पॉलीन म्हणाली, बरं झालं तुम्ही नाही म्हणालात. कारण मेंबराच्या स्वतःच्या घराचा विषय निघाला की त्याने खोलीबाहेर जायचं असतं. म्हणजे मी एवढं करून मेंबर झाले असते तर नेमकं आईंच्या बाथरूमच्या वेळी मला कॉरिडॉरमध्ये उभं केलं असतं, अंगठे धरायला लावल्यासारखं. आपल्याच कामाला जो उपयोगी नाही तो मेंबर व्हायचंच कशाला? आता मला कळलं की खुर्च्या रिकाम्या का पडतात!

मग पुढच्या महिन्यात आमचा नवा अर्ज कमिटीपुढे आला. उतरतं छप्पर, कौलांचा रंग शेजाऱ्यांच्या कौलांसारखा. या वेळी मी वड्या नेल्या नाहीत. गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं, ती मी घेतली. तनयाने इंग्लिशमध्ये लिहून दिलेलं होतं, ते मी घरीच ठेवलं. उभी राहिले आणि म्हटलं, माय मदर-इन-लॉ, एटी प्लस, शी बाथ इन किचन, पार्सल मॅन कम. म्हटलं, तुमच्यापैकी कोणाची आई पार्सलवाल्यासमोर आंघोळ करते, त्याने हात वर करा. डेरेक खाली बघायला लागला. केविन समोरच होता, त्याचं लक्ष रेडिएटरकडे, कारण किल्ला लावला तर तो तापेल की काय ही त्याला काळजी. ह्या माणसांच्या हातात आईंची लाज होती, भावजी, आणि त्यांना तिथे बसवलं कोणी तर बुटांनी, कुलपाने आणि हवेच्या किल्ल्याने! पुढचं लिहीत नाही. मला परत धाप लागते.

तुम्ही शिकलेले, मोठ्या ऑफिसात बसता, तुमचं इंग्लिश ऐकून इंग्लिश माणूससुद्धा एकदा घाबरतो. तर माझ्या नावाने वरपर्यंत एक खणखणीत पत्र लिहा. त्यात विचारा की मेंबर असा रस्त्यातून उचलायचा कायदा कुठल्या पुस्तकात आहे. नीनालाही वाचून दाखवा. सावकाश वाचा, दुप्पट वेगाने नको.

इथेच थांबते, आईंच्या पेजेची वेळ झाली. थंडी गेली म्हणून पाठीचा पट्टा सोडू नका.

तुमची वहिनी,
सुलक्षणा

ता. क. ते खणखणीत पत्र लिहायला घेऊ नका. लिहायचं राहिलं की खोलीला परवानगी मिळाली. कमिटीने कधी हात वर केले तेच मला कळलं नाही. मी बोलतच होते, तर डेरेक म्हणतो, मिसेस थोरवे, आमचं झालंय, आमची हरकत नाही. मी म्हटलं, पण माझं झालेलं नाही. मग माझी तीन मिनिटं होईपर्यंत सगळ्यांनी मुकाट ऐकलं. तसे लोक वाईट नाहीत. पण ज्यांनी कशाचा विचार न करता अडवलं त्यांनीच कशाचा विचार न करता सोडलं, याचा धक्का मला जास्त बसला. बड्या कौन्सिलचा होकार गेल्या आठवड्यात आला.

दुसरा ता. क. बिल्डर येत्या महिन्यात पहिल्या सोमवारी येतो. स्वयंपाकघराची मागची भिंत पाडणार, पाणी अधूनमधून बंद, घरभर सिमेंट. स्टूल आणि टब ठेवायलाही जागा राहणार नाही. आईंना त्यात ठेवता येत नाही. तुमच्याकडे खाली पुढची खोली आहे आणि तिच्या शेजारी शॉवर आहे, दाराला कडीसकट. बिल्डर म्हणतो उन्हाळा जाईल. आईंना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर त्या म्हणतील, मी नाही जायची. ते मी बघते.

तिसरा ता. क. आणि हे मात्र मनात होतं, आज लिहूनच टाकते. दिवाळीला तुम्ही परत निघालात तेव्हा दारात बूट घालून, गाडी चालू ठेवून मला विचारलंत, वहिनी, आईला थोडे दिवस आमच्याकडे नेऊ का? मी म्हटलं, छे, कशाला, आम्ही आहोत ना. तुम्ही म्हणालात, बरं, आणि गेलात. भावजी, डेरेकला मी माफ केलं, तो बिचारा इथलाच. तुम्ही साताऱ्याचे! तर आता असं करा. फोन करा आणि म्हणा, आईला आमच्याकडे पाठवा. मी नको म्हणेन. परत म्हणा. मी सांगेन, नीनाला त्यांचं पथ्य झेपायचं नाही. तेव्हा फोन ठेवायचा नाही. तिसऱ्यांदा म्हणा. त्यांची बॅग भरून जिन्याखाली ठेवली आहे. शनिवारी संध्याकाळच्या आत उत्तर हवं, आणि तेच उत्तर तीनदा हवं.